दोन भोंगे, एक गाणं : काकाजींच्या कॅसेटींच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

काकाजींच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक आज खाली उतरवली. मी आणि पोरगी, दोघांनी मिळून. झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा आणि जुन्या प्लॅस्टिकचा वास घरभर झाला. मोजल्या तर १६४ कॅसेटी निघाल्या. ४१ कंपनीच्या छापील कव्हरच्या, बाकीच्या काकाजींनी स्वतः भरलेल्या. प्रत्येकीच्या पाठीवर त्यांचं ते उजवीकडे कललेलं निळं अक्षर : ‘लग्न – सकाळ’, ‘लग्न – पंगत’, ‘पोळा’, ‘१४ एप्रिल’, ‘नवीन – पोरांसाठी’.

हे काम करायचं हे फेब्रुवारीतच मनात आलं होतं. २० तारखेला अमीन सयानी गेले. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा काकाजी जेवत होते. घास हातात तसाच धरून म्हणाले, "बुधवारचा मानूस गेला." १९५२ पासून रेडिओ सिलोनवर दर बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लागायची, त्यांच्याच आवाजात. काकाजी वही घेऊन बसत, कोणतं गाणं कोणत्या पायदानावर चढलं ते लिहून घेत, आणि दारव्ह्याला गेले की त्यातलं जे मिळेल ते घेऊन येत. त्यांचं मंडप-बिछायत केंद्र होतं, लाऊडस्पीकर होता. पुढच्या लग्नसराईत आमच्या आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांच्या कानावर काय पडणार, ते त्या वहीत ठरायचं.

काकाजी आता ८१ वर्षांचे आहेत. ठरवलंय ते असं : कॅसेट वाजवायचा डेक दुरुस्त करायचा, सगळ्या कॅसेटी माझ्या सेवा केंद्रातल्या संगणकावर उतरवायच्या, आणि २ सप्टेंबरला पोळा आहे, त्या दिवशी त्यांच्या हातात पेनड्राइव्ह द्यायचा. बारा आठवडे आहेत.

११ जून, मंगळवार

निवडानिवड केली. २३ कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी. ९ कॅसेटींतला नमद्याचा छोटा तुकडा, जो फितीला हेडवर, म्हणजे डेकच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो, तो गळून पडलेला. बाकीच्या बऱ्या दिसतात. वावरात धूळपेरणी झाली आहे, सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे.

१६ जून, रविवार

डेक उघडला. आतला बेल्ट वितळून डांबर झाला होता. बोटाला लागला तो रॉकेलनंही लवकर निघेना. चाकांवरचा चिकटा काढायला सकाळ गेली. मूळ बेल्टची लांबी कळायला मार्ग नव्हता, म्हणून चाकांभोवती शिवणाचा दोरा फिरवून माप घेतलं आणि रबराच्या ताणासाठी त्यातून थोडं कमी केलं.

कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि हेडवरून सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. एवढ्या चिंचोळ्या पट्टीवर दोन्ही बाजूंची गाणी, त्यातही डावा-उजवा आवाज वेगळा, म्हणजे चार वाटा शेजारी-शेजारी. हे मला आज, पन्नाशी उलटल्यावर कळलं. सतराव्या वर्षी फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, एवढंच माहीत होतं.

२२ जून, शनिवार

नागपूरला जाऊन आलो. सीताबर्डीत तीन दुकानं फिरल्यावर वेगवेगळ्या मापांच्या बेल्टची एक पुडी मिळाली. आयसोप्रोपाइल अल्कोहोलची बाटली, फीत जोडायची खास पट्टी आणि डेकपासून संगणकापर्यंतची वायरही घेतली. फीत सेलोटेपनं कधीही जोडू नये. त्याचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. काकाजींना हे पहिल्यापासून माहीत होतं. ट्रंकेतल्या एकाही कॅसेटीला सेलोटेप नाही.

२३ जून, रविवार

डेक फिरला!

पहिली कॅसेट ‘लग्न – सकाळ’ लावली. सनई वाजली, पण जणू गोधडीखालून. हेड साफ होतं, फीत साफ होती, तरी आवाज दबलेलाच. मग हेडच्या शेजारचा बारीक स्क्रू आठवला. हेड फितीला अगदी काटकोनात नसलं तर वरचे, किणकिणते स्वर आधी मरतात. कॅसेट चालू ठेवून स्क्रू केसभर फिरवला, आणखी केसभर फिरवला, आणि सनईच्या मागचा खुर्दक एकदम उजेडात आला. काकाजींनी ज्या डेकवर कॅसेटी भरल्या त्याचं हेड किंचित तिरकं होतं, तेव्हा माझंही तितकंच तिरकं करावं लागलं. प्रत्येक कॅसेटीसाठी हे पुन्हा जुळवावं लागणार.

दुसरी एक गोष्ट ऐकली, ती लिहून ठेवतो. गाणं सुरू व्हायच्या आधी, शांततेत, तेच गाणं अगदी बारीक, लांबून आल्यासारखं ऐकू येतं. मग खरं सुरू होतं. मला आधी भास वाटला. पोरीला हेडफोन दिला, तिलाही ऐकू आलं. फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर हलकं उमटतं, त्याचा हा परिणाम. तीस-पस्तीस वर्षं ट्रंकेत पडल्या पडल्या गाणं स्वतःवरच उमटत राहिलं. संगणकात हा भाग पुसून टाकता येतो. मी पुसणार नाही.

३० जून, रविवार

चिकटवलेल्या खोक्यांच्या ७ कॅसेटी ब्लेडनं उघडल्या आणि फीत स्क्रूच्या खोक्यांत भरली. हात थरथरत होते. साठ मिनिटांच्या कॅसेटीत फीत जवळपास ८६ मीटर, आणि ती एकदा मांडीवरून सुटली की संपलं.

एका कॅसेटीच्या कव्हरमध्ये चौघडी केलेली चिठ्ठी सापडली. दोनशेपानी वहीचं फाडलेलं पान, आणि अक्षर माझं! दिवाळी १९९०. त्या काळी कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी काकाजींकडे द्यायची, ते भरून देत. घरचा असलो तरी मला यादी लिहूनच द्यावी लागे. तोंडी सांगितलेलं ते घेत नसत. ‘आशिकी’मधली तीन गाणी, ‘कयामत से कयामत तक’मधली दोन, ‘मैंने प्यार किया’ची दोन, सुरेश भटांची एक गझल, तुकडोजी महाराजांचं एक भजन (हे आईसाठी), आणि सातव्या क्रमांकावर दुसऱ्याच अक्षरात, पेन्सिलनं, एका जुन्या कव्वालीची ओळ. माझ्या दोस्ताचं अक्षर. त्याच्याकडे कोऱ्या कॅसेटीचे पैसे नव्हते म्हणून माझ्या यादीत त्यानं एक जागा मागितली होती. मी दिली होती, आणि विसरलो होतो. तो आता चाकणला कंपनीत आहे. चिठ्ठीचा फोटो पाठवला. रात्री अकराला, शिफ्ट सुटल्यावर, त्याचा फोन आला. "सातवं तुह्या घरी वाजे तवा मी भिंतीपल्याड उभा राहून आयको," म्हणाला. एवढी वर्षं हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

७ जुलै, रविवार

५ कॅसेटी उतरवल्या. लाईन चार वेळा गेली, दोनदा अर्ध्यातून पुन्हा सुरुवात. एक कॅसेट साध्या प्रतीत उतरवायला तिच्या लांबीएवढाच वेळ लागतो, घाई करून चालत नाही. साठ मिनिटांची फाइल ६३५ एमबीच्या आसपास होते.

सगळ्यात झिजलेली कॅसेट कोणती, तर ‘मैंने प्यार किया’. काकाजींनी दोन आणल्या होत्या आणि दोन्ही सारख्याच झिजल्या. सिनेमा २९ डिसेंबर १९८९ चा, पुढच्या लग्नसराईत दुसरं काही वाजलंच नाही. काकाजींना त्याचा अभिमान वेगळ्याच कारणानं. संगीतकार राम-लक्ष्मण म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील. ‘पांडू हवालदार’च्या वेळी जोडी होती. जोडीतले राम लवकर गेले, तरी पाटलांनी नाव दोघांचंच ठेवलं. २२ मे २०२१ ला ते नागपुरातच वारले. लग्नात कोणी "मुंबईचं गानं लावा" म्हणालं की काकाजी हीच कॅसेट लावत आणि माईकवर सांगत, "हे नागपूरचं हाय." तेव्हा मला वाटायचं, सगळी चांगली गाणी नागपूरलाच होतात.

१० जुलै, बुधवार

केंद्रावर आठ दिवस उभं राहायला जागा नाही. लाडकी बहीण योजनेचे अर्ज. बाया सकाळी सातपासून रांगेत, हातात आधार कार्ड, पासबुक, रेशन कार्ड. कामाचा संगणक एक आणि कॅसेटींचा दुसरा, तेव्हा एकीकडे अर्ज भरत होतो आणि दुसरीकडे ‘नवीन – पोरांसाठी’ उतरत होती. रांगेत कंटाळा येऊ नये म्हणून छोट्या स्पीकरवर आवाज सोडला होता.

आज जे झालं त्यानं सगळ्या कामाची दिशा बदलली, म्हणून सविस्तर लिहितो.

पश्चिमेच्या वस्तीतली एक बाई, पंचावन्नच्या आसपासची, गाणं ऐकून म्हणाली, "भाऊ, हे तेच गानं हाय, पन असं नोयतं."

मी म्हटलं, "म्हंजे?"

"हे एकदाच येते. आमी निंदाले जावो तवा हे दोनदा ये. बाई एक डाव म्हने, मंग तेच पुन्यांदा म्हने."

तिच्या मागची दुसरी, उत्तरेकडे जिचं वावर आहे ती, लगेच म्हणाली, "काई दोनदा नाई ये. एकदाच ये. पन वारा असला तं अर्धंच ये."

दोघींची चांगलीच जुंपली. रांगेतल्या बाकीच्या बायाही त्यात पडल्या. सगळ्या सतरा-अठराच्या असताना सासरी आलेल्या किंवा इथल्याच लेकी, सगळ्यांनी ही गाणी पऱ्हाटीत वाकून ऐकलेली. घरात टेपरेकॉर्डर दोघी-तिघींकडेच होता. एक म्हणाली, "आमाले पूर्न गानं मालूमच नाई भाऊ. जितकं वाऱ्यानं आनलं तितकंच मालूम."

मी अर्ज भरत राहिलो, पण लक्ष लागेना. मलाही ते गाणं दोनदाच आठवतं! प्रत्येक ओळ आधी एकदा, मग तिच्या शेपटीवर पाय देऊन पुन्हा एकदा. आमचं वावर पश्चिमेलाच. मोबाइलवर ते गाणं शेकडो वेळा ऐकलंय आणि दर वेळी वाटलंय की यात काहीतरी कमी आहे. वय झालं म्हणून वाटत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

१४ जुलै, रविवार

काकाजींना पहिल्या साफ केलेल्या ६० कॅसेटी ऐकवायचा प्रयत्न केला. हेडफोन लावताच त्यांच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. यंत्र काढलं तर त्यांना काही नीट कळेना. शेवटी हेडफोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "कानात घालून आयकाचं गानं नोयतं हे, बाबू. हे गावाचं हाय."

मग त्यांना बायांचं भांडण सांगितलं. हसले नाहीत. म्हणाले, "दोगीबी खरं बोलते. दोन भोंगे होते नं. एक मारुतीपाशी लिंबावर, एक शाळेवर."

२१ जुलै, रविवार

मोजलं. मारुतीच्या पारापासून शाळेच्या छतापर्यंत, जिथं भोंग्याचा लोखंडी खांब अजून आहे, सरळ रेषेत १७२ मीटर. शाळा मारुतीच्या पश्चिमेला. या हवेत आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या जवळपास जातो. पश्चिमेच्या वावरातून पाहिलं तर दोन्ही भोंगे एकाच ओळीत, एकामागं एक. शाळेचा आधी ऐकू येणार आणि मारुतीचा अर्ध्या सेकंदानं. उत्तरेच्या वावराला दोन्ही भोंगे सारख्याच अंतरावर, त्यामुळे तिथं दोन्ही आवाज एकात मिसळून जाणार. दोघी बायांनी तीस वर्षांनंतर जे सांगितलं ते सेकंदाच्या हिशोबात बरोबर निघालं!

वाऱ्याचंही बरोबरच आहे. वारा ज्या दिशेनं वाहतो तिकडे आवाज जमिनीकडे वाकतो आणि लांबवर जातो. वाऱ्याच्या उलट तो वर उचलला जातो आणि डोक्यावरून निघून जातो. संध्याकाळी जमीन निवली आणि वरची हवा गरम राहिली की तसंच, आवाज खाली वाकतो. हिवाळ्यात सांज पडल्यावर दोन कोसांवरच्या गावातलं लग्न आम्हाला घरात ऐकू यायचं, ते यामुळे. आणि भोंग्यातून ढोलकाचा घुम जवळपास जातच नाही. फक्त मधला आवाज जातो, म्हणजे नेमका माणसाचा गळा. अर्ध्या कोसावर वावरात पोचायची ती बाईचा आवाज, बासरी आणि हार्मोनियम. बाकीची वाद्यं गळून पडायची आणि शब्द उरायचे.

मी महिनाभर जे उतरवून घेत होतो ते बरोबरच होतं, टाकून द्यायचं नाही. पण या गावानं ऐकलेलं गाणं कॅसेटीत नाही. ते दोन भोंगे, १७२ मीटर आणि त्या दिवशीचा वारा मिळून तयार होत होतं. काम बदललं. पोळ्याला दोन्ही भोंगे जुन्या जागी चढवायचे, काकाजींच्या कॅसेटी त्यावर लावायच्या, आणि तो आवाज पश्चिमेच्या वावरात उभं राहून उतरवून घ्यायचा.

काकाजींना सांगितलं. ते उठले, गोठ्यात गेले, आणि गोणपाटात गुंडाळलेल्या भोंग्यांवर हात ठेवून उभे राहिले.

२८ जुलै, रविवार

‘लग्न – पंगत’ची बी बाजू. चार गाण्यांनंतर रेकॉर्डचं बटन चुकून दाबलं गेलं असावं. गाणं तुटतं आणि माईक सुरू होतो. आहेर पुकारणं चाललंय, काकाजींचा आवाज, चाळिशीतला : "...यांच्याकडून एकवीस रुपये आहेर." मागं पंगतीचा कालवा, पत्रावळींची खसखस, कोणीतरी "वरन आना बे, वरन" ओरडतंय. आणि मग लांबून, दोन वेळा, शकुंतला गाडीची शिट्टी.

आमच्या गावाच्या दक्षिणेनं यवतमाळ–मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची छोटी लाईन जाते. १९९४ च्या एप्रिलमध्ये वाफेचं इंजिन गेलं आणि डिझेल आलं. हे लग्न आतेबहिणीचं, १९९१ चं. म्हणजे ही शिट्टी वाफेची. आता तर गाडीच बंद आहे, रुळांवर बोरीबाभळी. शिट्टीच्या वेळी काकाजी बोलायचे थांबतात. शिट्टी संपते. मग पुढचा आहेर.

अकरा सेकंद. मी ती तीस वेळा तरी ऐकली असतील.

४ ऑगस्ट, रविवार

भोंगे खोलले. एकाच्या नरड्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, आख्खी मूठ निघाली. त्याचं युनिट, म्हणजे आवाज काढणारा मागचा भाग, चांगलं आहे : दीड व्होल्टचा सेल टेकवला की ‘टक्’ असा खणखणीत आवाज येतो, मीटरवर १३ ओहम दाखवतं, १६ च्या युनिटाला तेवढं बरोबर. दुसऱ्याचा पडदा फाटलेला. यवतमाळच्या मिस्त्रीकडून नवीन पडदा बसवून आणला.

मशीन, म्हणजे भोंग्यांचा अॅम्प्लिफायर, काकाजींनी स्वतः उघडली. मला फक्त दिवा धरायला सांगितला. हात कापतात, पण पान्याची जागा डोळे न लावता सापडते. शाळेपर्यंतच्या तारेसाठी मशीनच्या १०० व्होल्टच्या टोकावरून जोड काढली आणि भोंग्यापाशी लाईन ट्रान्सफॉर्मर लावला. तसं केलं नाही तर इतक्या लांब तारेतच आवाज जिरतो. लाईनचा भरवसा नाही म्हणून ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी घेणार. वरातीत मशीन बॅटरीवरच चालायची, बंडीत ठेवून.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनानंतर शाळेत तपासणी केली. आणि माझ्या हातून नुकसान झालं.

‘पोळा’ ही कॅसेट मी अजून संगणकावर उतरवली नव्हती. सगळ्यात शेवटी, सगळ्यात निगुतीनं उतरवायची म्हणून ठेवली होती. आज उत्साहात तीच लावली. मी बसवलेला बेल्ट थोडा सैल होता, फीत गुंडाळून घेणारं चाक घसरलं, आणि डेकनं सुरुवातीचीच फीत गिळली. बाहेर काढली तेव्हा दोन मीटर फितीचा चोळामोळा झालेला, दोन ठिकाणी ताणून दोरा झालेला. कापावीच लागली. दोन मीटर म्हणजे ४२ सेकंद.

त्या ४२ सेकंदांत काकाजींची पोळ्याची हाक होती. दर वर्षी नवीन बोलायला नको म्हणून एकदाच भरून ठेवलेली. ती गेली. माझ्या घाईनं गेली, आणि उतरवून न घेता गेली.

रात्री काकाजींना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेल्ट घट्ट कर."

२५ ऑगस्ट, रविवार

बेल्ट बदलला. दहा दिवसांत नव्या बेल्टवर २२ कॅसेटी, एकही अटकली नाही. ग्रामपंचायतीला आणि ठाण्याला अर्ज दिला. रात्री दहानंतर वाजवायचं नसतंच, आमचं तर दिवस मावळायच्या आत संपणार.

१ सप्टेंबर, रविवार

आज खांदशेकणी. बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावली, पळसाच्या पानानं शेकलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं. गावात आता जोड्या २६ च उरल्या. बाकी ट्रॅक्टर.

पाऊस थांबून थांबून येतोय. दुपारच्या उघडीपीत पोरांनी दोन्ही भोंगे चढवले. लिंबाच्या ज्या फांदीवर पूर्वी भोंगा होता तिथं तारेचा जुना वेढा खोडात रुतलेला सापडला, साल त्याच्यावरून वाढून गेलेली. शाळेवरच्या भोंग्याचं तोंड मावळतीला करायचं की गावाकडे, यावर पोरांचं जमेना. काकाजी खाटेवर बसून हातानं दाखवत होते : "मावळतीले. तिकडं बाया असते."

२ सप्टेंबर, सोमवार – पोळा

सकाळभर झड होती. तीनच्या सुमारास उघडलं, वारा पूर्वेकडून.

पोरगी मोबाइल आणि छोटा रेकॉर्डर घेऊन पश्चिमेच्या वावरात, आमच्या धुऱ्यावर उभी राहिली. मी पारावर मशीनपाशी. आधी सनई, मग भजन, मग गाणी. काकाजींचा हा क्रम कधी चुकला नाही, मीही चुकवला नाही. पहिलं गाणं सुरू झालं आणि अर्ध्या सेकंदानं शाळेकडून तीच ओळ परत आली. पारावरची म्हातारी माणसं बोलायची थांबली. एक जण फक्त "आयक, आयक" म्हणत राहिला. अकरावीतली पोरं विचारत होती की एवढा वेळ आवाज फाटतोय तर दुरुस्त का करत नाही. त्यांना मी पारावरून शाळेपर्यंत चालत जायला सांगितलं. मधोमध पोचले की दोन्ही आवाज एक होतात, तिथं ती थांबली आणि मागं-पुढं करून पाहू लागली.

चारला हाक द्यायची वेळ झाली. कॅसेटीत ती नव्हती. मी माईक काकाजींपुढे धरला. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, माईक हातात घेतला.

"आपापल्या..."

थांबले. शाळेकडून "आपापल्या" परत आलं.

"...जोड्या..."

थांबले.

"...आखरावर... आना..."

प्रत्येक शब्दानंतर थांबत होते. शब्द परत यायचा, विरायचा, आणि मगच पुढचा. लहानपणापासून मला वाटे, काकाजी माईकवर ऐटीत, सावकाश बोलतात. ते दुसऱ्या भोंग्याला वाट देत होते. आज यंत्राशिवाय त्यांना शाळेचा भोंगा ऐकू येत नव्हता, हे मला माहीत आहे. तरी एकदाही शब्दावर शब्द पडला नाही.

जोड्या आल्या. झूल, बेगड, शिंगांना गोंडे. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची पदं, सुरू होताना काकाजींनी मशीनचं बटन स्वतः बंद केलं. झडत्या भोंग्यावर म्हणायच्या नसतात, छातीतून म्हणायच्या असतात, असा त्यांचा पहिल्यापासूनचा नेम. "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" असा गजर झाला तेव्हा गावात तेवढाच आवाज होता. मग तोरण तुटलं, बैल घरोघरी निघाले, गड्यांना बोजारा दिला.

५ सप्टेंबर, गुरुवार

धुऱ्यावरची फाइल : १ तास ५२ मिनिटं. वाऱ्याची फडफड बरीच आहे, काढलेली नाही. पऱ्हाटीच्या पानांवरून ओघळणारं पाणी, एक टिटवी, आणि लांबून गाणं, प्रत्येक ओळ दोनदा. मधेच वारा पडतो तेव्हा दीड कडवं गायब. काकाजींची हाक ३४ व्या मिनिटाला. पहिल्या "आपापल्या"च्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत संगणकावर ०.४९ सेकंद.

आज केंद्रावर पश्चिमेच्या वस्तीतली ती बाई आली होती, अर्ज मंजूर झाला का ते पाहायला. फाइल ऐकवली. तिनं पदर तोंडाला लावला आणि गाणं संपेपर्यंत खाली पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "हाव. हेच."

गाणी कुठं चढवणार नाही, ती ज्यांची आहेत त्यांची आहेत. शिट्टी, आहेर, हाक आणि धुऱ्यावरची फाइल गावातल्या ज्याला हवी त्याला देतोय. आतापर्यंत १९ जणांनी नेली. दोस्ताला चाकणला पाठवली.

उरलेलं काम : ३७ कॅसेटी, त्यातल्या बुरशीच्या १४. शाळेवरच्या भोंग्यात पाणी गेलंय, युनिट उन्हात ठेवायचं. शनिवारी गणपती बसतात. भोंगे उतरवू का, असं काकाजींना विचारलं, तर म्हणाले, राहू दे.